गोळीला नाव नव्हते, तेव्हा नाव घेणारा माणूस

औषधांच्या दुकानात गोळ्यांचे शेकडो प्रकार असतात. डोकेदुखीची गोळी, तापाची गोळी, पित्ताची गोळी, रक्तदाबाची गोळी. प्रत्येकीच्या मागे तिच्या कामाचे नाव लागते, त्याशिवाय दुकानदाराला कळत नाही. पण इंग्रजी भाषेत एक गोळी अशी आहे, की जिला मागेपुढे काहीही जोडावे लागत नाही. ‘द पिल’ एवढे दोन शब्द उच्चारले की लंडनपासून लॉस एंजलिसपर्यंत सगळ्यांना कळते, की ही पाळणा लांबवण्याची गोळी. शाळेत व्याकरण शिकवताना गुरुजी सांगायचे, की ‘द’ हे उपपद जगात एकच असलेल्या वस्तूला लागते. सूर्य एक, चंद्र एक, पृथ्वी एक. त्या पंक्तीत जाऊन बसलेली ही एवढीशी गोळी.

तिला हे नाव मिळाले कसे, याची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेतल्या सर्ल या औषध कंपनीने तिचे रीतसर बारसे केले होते. ‘एनोविड’ असे ते नाव. १९५७ साली तिला तिथल्या सरकारची परवानगी मिळाली, पण ती पाळीच्या तक्रारींसाठी. गोळी चालू असेपर्यंत गर्भ राहत नाही, ही सूचना वेष्टनावर होतीच. झाले! पाहता पाहता अमेरिकेतल्या असंख्य स्त्रियांना अचानक पाळीच्या तक्रारी सुरू झाल्या. संततिनियमनासाठी म्हणून उघड परवानगी मिळाली ती १९६० साली. त्याआधीच, १९५८ साली, ऑल्डस हक्सले या लेखकाने आपल्या एका पुस्तकात या गोळीचा उल्लेख मोठ्या ‘पी’ने करून टाकला होता, एखाद्या माणसाचे नाव लिहावे तसा. १९६७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला मुखपृष्ठावर बसवले, तेव्हा तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज उरली नव्हती.

या नावामागे लोकप्रियता आहे तशी लाजही आहे, असे मला वाटते. डॉक्टरांसमोर बसलेल्या बाईला गर्भ, संबंध, नवरा यांतले काहीच बोलायचे नव्हते. ती ‘ती गोळी’ एवढेच म्हणाली आणि डॉक्टरांना कळले. मराठीत ‘द’ नाही. पण आपल्या बायकांचे त्यावाचून अडले नाही. ‘गोळ्या चालू आहेत’ असे अनेकवचनात आणि जरा खालच्या आवाजात म्हटले की जावेला, नणंदेला नेमके काय ते समजते. ‘कॉपर-टी’ची तर आपण सरळ ‘तांबी’ करून टाकली. इतके घरगुती नाव, की ऐकणाऱ्या परक्याला ते देवपूजेतले भांडे वाटावे.

बँकेच्या नोकरीनिमित्त मराठवाड्यातल्या लहान गावांत मी पुष्कळ वर्षे काढली. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर मिळणारे पैसे घ्यायला बायका शाखेत येत. पैसे कशाचे, असे कॅशियरने विचारले तर उत्तर एकच, सरकारचे. त्यापुढे एक अक्षर नाही. औषधाच्या दुकानातही तेच. रिकामे पाकीट दुमडून मुठीत आणलेले असे. ते काउंटरवर सरकवायचे, दुकानदाराने नवे पाकीट वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून द्यायचे. व्यवहार पुरा होई आणि वस्तूचे नाव कुणीच घेतलेले नसे.

आपल्या महाराष्ट्रात एक माणूस असा होऊन गेला, की ज्याने या सगळ्या गोष्टींची नावे शंभर वर्षांपूर्वी, स्पष्ट मराठीत, छापून घेतली. त्यासाठी त्याने नोकरी घालवली, दंड भरले, शिव्या खाल्ल्या. त्याचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

आई गेली तेव्हा

र. धों.चा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. वडील धोंडो केशव कर्वे म्हणजे पुढचे महर्षी अण्णासाहेब कर्वे. आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, राधाबाई बाळंतपणात गेल्या.

त्या काळी ही बातमी नव्हती. बाळंतपणात बाई जाणे हे पावसाळ्यात नदीला पूर येण्याइतके नेहमीचे. घरोघरी दहा-दहा, बारा-बारा बाळंतपणे होत, त्यांतली निम्मी मुले हाती लागत, आणि एखाद्या खेपेला आईच जाई. मग दैवाला बोल लावून घरात दुसरी बायको येई. आपल्या आजी-पणजीच्या पिढीची ही कथा कुणाला शोधायला लांब जावे लागणार नाही.

अण्णासाहेबांनी मात्र दुसरे लग्न करताना चाकोरी मोडली. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या या बाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या, सगळ्यांच्या ‘बाया’. मुरूडने कर्व्यांवर बहिष्कार टाकला. गावाने आपल्याशी बोलणे बंद करणे म्हणजे काय, हे रघुनाथाने अकराव्या वर्षी पाहिले. घरात सुधारणा होती आणि सुधारणेची किंमतही घरातच मोजली जात होती.

मुलगा बुद्धीने तल्लख. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली तो मॅट्रिकला पहिला आला. १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए. झाला. विषय गणित. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. गणिताच्या माणसाला एक खोड असते. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना मधली पायरी गाळलेली त्याला चालत नाही. लोक काय म्हणतील, ही पायरी तर समीकरणात बसतच नाही. र. धों.च्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे मूळ मला या खोडीत दिसते.

१९१९ साली उच्च गणिताच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. लक्षावधी तरुण गमावलेल्या फ्रान्सला मुले हवी होती. म्हणून जुलै १९२० मध्ये त्या देशाने कायदाच केला, की गर्भनिरोधाचा प्रचार हा गुन्हा. मोकळेपणासाठी जगभर मिरवणाऱ्या फ्रान्समध्ये हे निर्बंध सैल व्हायला १९६७ साल उजाडावे लागले. तेव्हा लाज ही फक्त हिंदुस्थानची मिरास होती, असा समज कुणी करून घेऊ नये.

राइट एजन्सी

मुंबईला परतल्यावर, १९२१ साली, र. धों.नी संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. पुढे ते ‘राइट एजन्सी’ या नावाने ओळखले गेले. त्याच वर्षी, मार्च महिन्यात, मेरी स्टोप्स बाईंनी लंडनमध्ये ब्रिटनमधले पहिले संततिनियमन केंद्र उघडले. म्हणजे जी गोष्ट साम्राज्याच्या राजधानीत नवी होती, ती मुंबईत एक मराठी प्राध्यापक त्याच वर्षी करीत होता. त्याच्यामागे ना संस्था होती, ना देणगीदार. मागे उभी होती ती पत्नी मालतीबाई. या दोघांनी ठरवून मूल होऊ दिले नाही. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही तर बाईला वांझ म्हणणाऱ्या समाजात हा निर्णय पुरुषाला जेवढा जड, त्याच्या दसपट तो बाईला जड. र. धों.चे चरित्र सांगताना मालतीबाईंच्या वाट्याची ही किंमत वेगळी मांडायला हवी.

१९२३ साली त्यांचे ‘संततिनियमन : विचार आणि आचार’ हे पुस्तक आले. त्याच सुमारास गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. गुप्त हा शब्दच पाहा. जे रोग गुप्त ठेवल्यामुळे घराघरांत पसरतात, त्यांचे नावच आपण गुप्त ठेवले. र. धों. शरीराच्या अवयवांची नावे घेत, साधने कशी वापरायची ते सांगत, कुठले साधन खात्रीचे आणि कुठले नाही याचा हिशेब मांडत. त्यात चवीने लिहिणे नव्हते. शिक्षकाने फळ्यावर प्रमेय सोडवावे तसे ते लिहिणे होते.

विल्सन महाविद्यालय मिशनऱ्यांचे. आपला प्राध्यापक वर्गात गणित शिकवतो आणि बाहेर हे शिकवतो, हे चालकांना मानवण्यासारखे नव्हते. नोकरी आणि हे काम यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ साली र. धों.नी नोकरी सोडली. वय त्रेचाळीस. पेन्शनची सोय नाही, गाठीला पैसा नाही. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा निर्णय जमाखर्चाच्या कुठल्याही वहीत बसवता येत नाही.

समाजस्वास्थ्य

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. नाव विचारपूर्वक घेतलेले. व्यक्तीच्या शरीराचे आरोग्य असते तसे समाजाच्या मनाचेही असते, आणि दडपून ठेवलेल्या गोष्टींनी ते बिघडते, हा त्यामागचा विचार. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र. आज कलादालनात आपण अशी चित्रे माना डोलावत पाहतो. त्या काळी तो अंक घरात आणणे म्हणजे धाडस. अनेकांनी तो इतर कागदांत दडवून वाचला असणार. पण वाचला!

या मासिकाचा प्राण म्हणजे वाचकांचे प्रश्न. कुणाला विचारावे, कसे विचारावे, या विवंचनेत वर्षे काढलेली माणसे पत्र लिहीत आणि संपादक उत्तर देत. उत्तरात उपदेश नसे, पापाची भीती नसे, आणि विचारणाऱ्याची टिंगलही नसे. स्त्रीलाही शरीरसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे, मूल व्हावे की न व्हावे हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, असे र. धों. पुन्हा पुन्हा लिहीत. पुढे पुढे ‘लोकसंख्येचा प्रश्न’ म्हणून कुटुंबनियोजनाचा गवगवा झाला. र. धों.ची सुरुवात देशाच्या लोकसंख्येपासून नव्हती. ती एका बाईच्या शरीरापासून होती. हा फरक बारीक दिसतो, पण पुढच्या शतकभराच्या इतिहासात तो फार मोठा ठरला.

मराठी मने दुखावली हे सांगायला नकोच. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला. या वेळी गुन्हा काय, तर हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. या खटल्यात आरोपीचे वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेलेले, देशभर नाव झालेले बाबासाहेब. एका एकाकी संपादकाच्या, तेही असल्या विषयावरच्या खटल्यात पडण्याची त्यांना काहीच गरज नव्हती. त्यांच्या अनुयायांतही या विषयावर बोलणारे थोडे. पण लैंगिक प्रश्नांवर कुणी विचारले आणि जाणकाराने शास्त्रीय उत्तर दिले, तर ते अश्लील कसे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांची या विषयातली आस्था तेवढ्यापुरती नव्हती. ते स्वतः आईवडिलांचे चौदावे अपत्य. त्यांना आणि रमाबाईंना झालेल्या मुलांपैकी एकटे यशवंत जगले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने त्यांच्या पक्षातर्फे ठराव मांडला गेला. तो नामंजूर झाला. पुढे स्वतंत्र भारताने जे धोरण घेतले, ते त्या दिवशी सभागृहाला पेलले नाही.

आपल्याकडे हे असे चालले असताना समोरची बाजूही लक्षात घ्यावी लागेल. गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती. संयम हाच मार्ग, असे ते मानीत. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. बोलणे पुष्कळ झाले, मतांतर झाले नाही. गांधीजींचा शब्द म्हणजे देशाचा शब्द असण्याचे ते दिवस. त्या दिवसांत र. धों. दरमहा अंक काढून उलटे लिहीत होते. दोन्हीकडचा हेतू स्त्रीच्या भल्याचाच होता. पण दारू पिऊन घरी आलेल्या नवऱ्याला संयम कुणी शिकवावा, या प्रश्नाचे उत्तर वर्ध्यात नव्हते, ते राइट एजन्सीत होते.

दोन आयांची मुले

या सँगर बाईंची हकिगत र. धों.च्या हकिगतीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. त्यांच्या आईला अठरा वेळा दिवस गेले, अकरा मुले जगली, आणि पन्नाशीच्या आतबाहेर, १८९९ साली, ती माउली थकून गेली. त्याच वर्षी इकडे आई गमावलेला रघुनाथ मॅट्रिकला पहिला आला होता. सँगर बाई परिचारिका झाल्या. १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्यांनी केंद्र उघडले आणि पोलिसांनी ते थोड्याच दिवसांत बंद केले. अमेरिकेत १८७३ पासून असा कायदा होता, की गर्भनिरोधाची माहिती टपालाने पाठवली तरी ती अश्लील ठरे. इकडे भारतीय दंडविधानाचे २९२ वे कलम, तिकडे तो कायदा. दोन आयांच्या दोन मुलांना दोन खंडांत एकाच आरोपाला तोंड द्यावे लागले. सँगर बाईंच्या नावाला पुढे एक डाग लागला. ‘निकृष्ट’ माणसांची पैदास थांबवावी, असे म्हणणाऱ्या सुप्रजननवाद्यांशी त्यांनी सलगी केली. आज त्याबद्दल त्यांच्यावर रास्त टीका होते.

पण ‘द पिल’ घडली ती त्यांच्याच ध्यासातून. बाईला कुणाला न विचारता, न सांगता घेता येईल असे साधन त्यांना हवे होते. १९५१ च्या सुमारास त्यांची गाठ ग्रेगरी पिंकस या शास्त्रज्ञाशी पडली. पैसा दिला कॅथरिन मॅकॉर्मिक या श्रीमंत विधवेने, वीस लाख डॉलरच्या घरात. र. धों. बी. ए. झाले त्याच १९०४ साली या बाई अमेरिकेच्या प्रख्यात एमआयटीतून जीवशास्त्राच्या पदवीधर झाल्या होत्या. तिकडे मेक्सिकोत रानटी सुरणासारख्या एका कंदापासून संप्रेरके बनवण्याची युक्ती सापडली होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये कार्ल जेरासी यांच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंतेस या तरुण विद्यार्थ्याच्या हातून तोंडाने घेता येणारे एक संप्रेरक तयार झाले. पिंकस, त्यांचे चिनी सहकारी चँग आणि जॉन रॉक हे कॅथलिक डॉक्टर यांनी त्या जातीची औषधे तपासली.

गोळीचे काम तसे समजायला सोपे आहे. गर्भ राहिला की स्त्रीचे शरीर नवे बीज सोडणे थांबवते. गोळीतली संप्रेरके शरीराला जणू खोटी वर्दी देतात, की गर्भ राहिला आहे. मग बीज सुटतच नाही. मोठी चाचणी झाली १९५६ साली पोर्टो रिको या गरीब बेटावर. तिथल्या बायकांना आपल्यावर प्रयोग चालला आहे हे पुरते सांगितले गेले नव्हते. मळमळ, चक्कर, डोकेदुखी या त्यांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष झाले. त्या गोळीतली मात्रा आजच्या मानाने कितीतरी जास्त होती. जगातल्या कोट्यवधी स्त्रियांना मोकळे करणाऱ्या गोळीच्या मुळाशी काही गरीब बायकांचे न विचारलेले होकार आहेत, हे विसरून चालणार नाही. आजही ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावी, हे त्या इतिहासाने शिकवलेले शहाणपण.

मुंबईतली परिषद

१९५२ हे वर्ष भारताच्या दृष्टीने मोठे. सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी पासष्ट लाख रुपये ठेवले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईत या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. धन्वंती रामा राव यजमान, सँगर बाई पाहुण्या. जगभरच्या कुटुंबनियोजन संस्थांचा संघ तिथेच स्थापन झाला. ज्या शहरात एकतीस वर्षांपूर्वी एका माणसाने हे काम सुरू केले होते, त्या शहरात आता त्याला मंडप, पाहुणे आणि हारतुरे लाभले. त्या वेळी र. धों. सत्तरीत होते. मालतीबाई आधीच गेलेल्या. ‘समाजस्वास्थ्य’ निघतच होते.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. गेले. नोव्हेंबर १९५३ चा अंक मासिकाचा शेवटचा ठरला. सव्वीस वर्षे चाललेला संवाद थांबला. ‘द पिल’ बाजारात यायला अजून सात वर्षे होती.

वडील त्यांच्यामागे नऊ वर्षे जगले. १९५८ साली, वयाची शंभरी पूर्ण करताना, अण्णासाहेबांना भारतरत्न मिळाले आणि सारा देश त्यांच्यापुढे नतमस्तक झाला. ते योग्यच होते. विधवेला लग्नाचा आणि स्त्रीला शिक्षणाचा हक्क मिळवून देणाऱ्या बापाचे ऋण समाजाने फेडले. पण त्या स्त्रीला तिच्या स्वतःच्या देहाचा हक्क मिळवून देऊ पाहणाऱ्या मुलाला त्याच समाजाने दंडाच्या पावत्या दिल्या. पहिला हक्क पचवायला आपल्याला साठ वर्षे लागली. दुसरा पुरता पचला आहे, असे छातीवर हात ठेवून कुणी म्हणावे?

र. धों.चा वसा मात्र कर्व्यांच्या गोतावळ्यातच पुढे गेला. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई, म्हणजे ‘कुंकू’ चित्रपटातून लोकांना ठाऊक झालेल्या आणि सई परांजपे यांच्या आई, १९३८ पासून वीस वर्षे पुण्यात संततिनियमनाचे केंद्र चालवीत होत्या. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या, १९९१ साली पद्मभूषण झाल्या. २००१ साली अमोल पालेकरांनी र. धों.वर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला, २०१७ साली अतुल पेठे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक रंगभूमीवर आणले. जिवंतपणी न मिळालेला प्रेक्षक माणसाला असा कधीतरी मिळतो.

मुलींची नावे

आता पुन्हा नावांकडे येऊ. पाश्चात्त्यांनी गोळीचे नावच काढून टाकले. आपण उलटे केले. १९८७ साली आलेली ‘माला-डी’, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ‘माला-एन’, लखनौच्या संशोधन संस्थेत डॉ. नित्या आनंद यांच्या पुढाकाराने तयार झालेली आणि १९९१ साली बाजारात आलेली, संप्रेरक नसलेली ‘सहेली’, तीच सरकारी पाकिटात येते ती ‘छाया’, आणि तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन ‘अंतरा’. माला, सहेली, छाया, अंतरा. एखाद्या शाळेच्या हजेरीपटावरची नावे वाटावीत. पुरुषांच्या साधनाचे १९६८ साली ठेवलेले नाव मात्र ‘निरोध’, योगशास्त्रातला भारदस्त शब्द. या बारशातच आपल्या समाजाचा सगळा हिशेब उघड होतो. साधने बायकांच्या नावाची, कारण जबाबदारीही त्यांच्याच नावावर.

आकडेही हेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्रीशस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषशस्त्रक्रियेचे ०.३ टक्के आणि गोळीचे सुमारे पाच टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, लहान, आणि त्याच दिवशी घरी पाठवणारी. तरी हे असे आहे. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीतल्या सक्तीने ‘नसबंदी’ हा शब्द भीतीचा झाला, हे त्याचे एक कारण. माणसाला न विचारता त्याच्या शरीरावर केलेली सुधारणा ही सुधारणा राहत नाही. र. धों.नी देशाऐवजी व्यक्तीपासून सुरुवात केली होती, त्याचे मोल इथे कळते.

आमच्या हिंगोलीपुरते बोलायचे तर र. धों. लिहीत होते तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो मोकळा झाला, १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला. आज सेनगाव-औंढ्याच्या वाडीवस्तीवर आशाताई पिशवीतून माला-एन आणि छाया घेऊन जातात. सासूसमोर गप्प असलेली सून त्यांना गोठ्याशी गाठून काय हवे ते सांगते. मराठवाड्यात अजूनही पोरींची लग्ने कोवळ्या वयात उरकली जातात. अशा पोरीला पहिल्या बाळंतपणाआधी कुणीतरी दोन शब्द स्पष्ट सांगणे, यावर तिचे आयुष्य अवलंबून असते. हे काव्य नाही, साधा व्यवहार आहे. राधाबाईंच्या वेळी सांगणारे कुणी नव्हते.

घराघरांत मुलीला स्वयंपाक शिकवणारी आई असते, बँकेचा फॉर्म भरायला शिकवणारा बाप असतो. पण शरीराविषयी काही विचारायचे झाले तर तिने कुणाकडे जावे? मोबाइलवर तिला नको ते सारे दिसते आणि हवे ते सांगणारे माणूस भेटत नाही. ‘समाजस्वास्थ्य’चा अंक बंद होऊन सत्तर वर्षे उलटून गेली, पण पत्र लिहिणारा वाचक अजून आहे. फक्त त्याच्या पत्राला उत्तर देणारा संपादक आता प्रत्येक घरात हवा आहे. पुढच्या खेपेला लेकीने काही विचारले, तर विषय बदलण्याआधी घटकाभर थांबावे, वस्तूचे जे नाव आहे ते घ्यावे आणि उत्तर द्यावे. र. धों.च्या वाटच्या दंडाची रक्कम सगळी मिळून तीनशे रुपयांच्या घरात होती. आपल्याला तर तेवढाही भरावा लागणार नाही.